वणईचा हिशेब

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. दिवसाअखेर चार पाकिटं भरली. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ती विकायला ठेवून घेतली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. याच बायकांनी सुरू केलेल्या ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ची उलाढाल २०१९च्या सुमारास १,६०० कोटी रुपयांवर पोचली होती. सुरुवात आणि शेवट असे दोनच आकडे सांगितले की गोष्ट चमत्काराची वाटते. व्याख्यानांत ती तशीच सांगितली जाते, टाळ्याही पडतात. पण चमत्काराचा हिशेब कुणी ठेवत नाही. लिज्जतने मात्र पहिल्या दिवसापासून ठेवला, आणि या संस्थेच्या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

लोहाणा निवास म्हणजे पाच इमारतींचा समूह. तिथल्या या गुजराती गृहिणींचं शिक्षण बेताचं होतं, घरची मिळकत तोलून मापून होती, आणि स्वयंपाकपाणी उरकलं की दुपारचे काही तास हाताशी असत. नोकरी कोण देणार, आणि दिलीच तर घरातून पाठवणार कोण? जे येत होतं ते विकायचं ठरलं. जसवंतीबेन जमनादास पोपट यांच्या पुढाकाराने जमलेल्या या सातजणींना ८० रुपये दिले छगनलाल करमशी पारेख यांनी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. त्या पैशांतून बायकांनी एका गृहस्थाचा तोट्यात गेलेला पापडाचा उद्योग चालवायला घेतला आणि लागणारं सामानसुमान आणलं. दुसऱ्याला जो धंदा झेपला नव्हता, त्यातूनच यांनी सुरुवात केली.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली. दान घ्यायचं नाही. तोटा झाला तरी कुणापुढे हात पसरायचा नाही.

हा निर्णय स्वाभिमानाचा म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तो होताच. पण त्याची व्यापारी बाजू जास्त कडक आहे. मुंबईत दानशूरांना काही तोटा नव्हता. सात होतकरू बायका दारात आल्या असत्या तर कुणीही शेठ शे-दोनशे रुपये सहज काढून देता. पण देणगी मिळाली की पापडाचा भाव बरोबर लागला की नाही, डाळ महाग घेतली गेली का, पाकिटामागे चार आणे सुटतात की बुडतात, हे प्रश्न कुणी विचारत नाही. तूट देणगीतून भरून निघते. आपल्याकडच्या कितीतरी महिला उद्योग मंडळांचे मसाले आणि मेणबत्त्या याच वाटेने गेल्या: उद्घाटनाला पाहुणे, पहिल्या दिवाळीला ओळखीपाळखीतली खरेदी, तिसऱ्या वर्षी कुलूप. लिज्जतच्या बायकांनी ही पळवाट सुरुवातीलाच बंद करून टाकली. त्यांना नफा काढणं भागच पडलं. मूल्याने धंद्याला शिस्त लावली, असं इथे म्हणता येतं.

छगनलाल पारेख पुढे त्यांचे मार्गदर्शकच झाले. बायका त्यांना छगनबापा म्हणत. पैसे देऊन बाजूला होणारे हे गृहस्थ नव्हते. सुरुवातीला पापड दोन प्रतींचे निघत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. यात व्यापारी दृष्टीने काही गैर नव्हतं. ज्याला जो परवडतो तो त्याने घ्यावा, असं कुठलाही दुकानदार सांगेल. बापांनी ते बंद करायला लावलं. एकच प्रत काढा, ती उत्तम काढा आणि दर्जात तडजोड करू नका, हा त्यांचा पहिला आग्रह. दुसरा आग्रह असा, की हे समाजकार्य समजून न चालवता धंदा म्हणून चालवा आणि हिशेब चोख ठेवा.

मला हे दोन्ही आग्रह एकाच माणसाकडून यावेत याचं अप्रूप वाटतं. सेवाभावी माणसांना हिशेबाचा जाच वाटतो आणि हिशेबी माणसांना दर्जाचा हट्ट परवडत नाही, असा सर्वसाधारण अनुभव. इथे सेवाभावी संस्थेतला माणूस बायकांना वही उघडायला सांगत होता. शिवाय एकच प्रत ठेवण्यात हिशेबाचंही शहाणपण होतं. दोन प्रती म्हणजे दोन प्रकारची डाळ, दोन साठे, दोन भाव, आणि चांगल्या पिठात हलकं मिसळलं गेलं का ही कायमची शंका. सात-आठ बायकांत ते सांभाळता येईल. शेकडो घरांत पीठ वाटायची वेळ आली असती तेव्हा दोन प्रतींच्या भानगडीत लिज्जत केव्हाच बुडाली असती. ते पुढचं सगळं बापांना दिसत होतं असा माझा दावा नाही. पण नियम वेळेवर लागला.

तीन महिन्यांत बायकांची संख्या २५ झाली. भांडी आली, कपाट आलं, स्टोव्ह आले. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी ५००च्या थोडी वर. नफा नव्हे, विक्री. त्यातून डाळ, हिंग, मिरी, पापडखार, तेल यांचे पैसे वजा करा आणि उरलेले इतक्या जणींत वाटा. फार काही हाती लागत नसणार. तरीही फुटलेले पापड विकायचे नाहीत, ते शेजारपाजारी वाटून टाकायचे, अशी पद्धत होती. पापडाचा चुरा अर्ध्या भावात घेणारी गिऱ्हाइकं गिरगावात काय, कुठेही मिळाली असती. बायकांनी तो मोह टाळला.

त्या वर्षी आणखी एक धडा मिळाला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गच्ची बंद. पापड वाळणार कुठे? चार महिने काम ठप्प झालं. आपल्या घराघरांतली वाळवणं याच कारणाने उन्हाळ्यातच उरकून घेतात. वर्षभराच्या बेगमीला ते ठीक असतं, पण रोजच्या मिळकतीचं काय? चार महिने हात रिकामे म्हणजे ज्या बाईने या पैशांवर मुलाच्या वह्या-पुस्तकांचं गणित बसवलेलं असतं तिचं गणित फिसकटतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. वर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्याचं सावट अशा रीतीने गेलं. वाळवणीचं यंत्र आणायला पैसे नव्हते आणि दान मागायचं नव्हतं, तेव्हा खाटेवर भागलं.

वर्तमानपत्रांतून थोडं छापून आलं, तोंडातोंडी बातमी पसरली. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे बायका झाल्या, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. आता गच्ची पुरेना. इथे कुठलाही उद्योजक शेड भाड्याने घेण्याचा विचार करील. लिज्जतने उलट केलं. पीठ एका जागी मळायचं, ते बायकांना वाटायचं, लाटणं आणि वाळवणं त्यांनी आपापल्या घरी करायचं, आणि तयार पापड आणून द्यायचे; इथे ते तोलायचे आणि पाकिटांत भरायचे. आजतागायत लिज्जतचा गाडा याच पद्धतीवर चालतो. या निर्णयात मूल्य आणि पैसा इतके एकमेकांत मिसळलेले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. बाईला घर सोडावं लागत नाही, पाळण्यातलं मूल डोळ्यांसमोर राहतं, सासू-सासऱ्यांची परवानगी सहज मिळते. आणि संस्थेला हजारो चौरस फुटांचं भाडं, दिवे, पंखे यांचा खर्च नाही. मुंबईत जागेचा भाव ज्याला माहीत आहे त्याला ही बचत किती मोठी हे सांगायला नको. पण त्याचबरोबर तो खर्च बाईच्या घराने उचलला हेही विसरता कामा नये. त्याकडे पुढे येतो.

१९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. १९६२च्या जुलैत नाव ठरलं. त्यासाठी स्पर्धा घेतली होती, बक्षीस पाच रुपये. लिज्जत म्हणजे गुजरातीत चव, स्वाद. १९६२–६३ची विक्री होती १ लाख ८२ हजार.

शाखेतली सकाळ अजूनही बऱ्याच ठिकाणी उजाडायच्या आधीच सुरू होते. पीठ मळणाऱ्या बायका पहाटे येतात. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आलेला माल त्या-त्या शाखेने बाजारातून उचललेला नसतो. उडीद म्यानमारहून, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळातून अशी एकत्र खरेदी होते आणि शाखांना तोच माल जातो. गिरगावचा पापड आणि दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा पापड चवीला सारखा लागतो तो यामुळे. मग लाटणाऱ्या भगिनी, म्हणजे सदस्य बायका, येतात. मुंबईत त्यांना ने-आण करायला संस्थेच्या गाड्या असतात. प्रत्येकीच्या हातात डबा. आदल्या दिवशीचे पापड आधी तोलून द्यायचे, ते पारखले जायचे, त्यांची वणई, म्हणजे लाटणावळ, हातात घ्यायची आणि आजचं पीठ घेऊन घरी निघायचं.

घरी गेल्यावरचं काम ज्यांनी कधी उडदाचे पापड लाटले असतील त्यांना सांगायला नको. पीठ घट्ट असतं, तेलाचा हात लावून तिंबावं लागतं, त्याच्या वळ्या करून लाट्या पाडायच्या. पापडाचं लाटणं पोळीच्या लाटण्याहून बारीक. लाटी मधोमध दाबून लाटली की मध्यभाग पातळ आणि कड जाड राहते. तो पापड तळल्यावर मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. म्हणून मनगट सतत फिरतं ठेवायचं आणि भर कडेवर. पुन्हा सगळे पापड एका मापाचे हवेत, कारण पाकिटात ते एकावर एक बसायचे असतात. वाळवणही सावलीतलं. कडक उन्हात टाकलेला उडदाचा पापड वळतो आणि कडेला तडकतो. तोलाच्या वेळी ओलसर पापड जास्त भरणार हे न कळण्याइतकं कुणी भोळं नसतं, म्हणून तिथे बसलेल्या बाईची बोटं तराजूइतकीच महत्त्वाची. जिच्या घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ, पुरेशी जागा नाही तिला लाटायचं काम देत नाहीत. तिने शाखेत पीठ मळायचं किंवा पाकिटं भरायची. घरी जाऊन पाहणीही केली जाते.

वणई रोजच्या रोज द्यायची ही मला लिज्जतची दुसरी मोठी करामत वाटते. महिनाअखेरीचा पगार नवऱ्याच्या कानावर जातो, घरातल्या देण्याघेण्यांत मुरतो. रोज हातात पडणारे पैसे बाईच्या बटव्यात जातात. पण रोज हजारो बायकांना पैसे द्यायचे तर संस्थेकडे रोज पैसे आले पाहिजेत. म्हणून विक्रीही रोखीची. वितरकाने माल उचलायचा तो पैसे मोजून, उधारी नाही. किराणा मालाच्या बाजारात, जिथे दुकानदार तीस-चाळीस दिवसांच्या उधारीशिवाय बोलतच नाही, तिथे हे चालवून घेतलं जातं, कारण लिज्जत मागणारं गिऱ्हाईक दुसरा पापड पुढे केला तर परत ठेवतं. एकच प्रत ठेवण्याचा तो जुना हट्ट इथे उपयोगी पडतो. दर्जा होता म्हणून रोख मागता आली, रोख आली म्हणून रोजची वणई देता आली, आणि वणई रोज मिळते म्हणून चांगली लाटणारी बाई टिकून राहिली. यातली एखादी कडी काढली तर बाकीच्या किती टिकतील, मला शंका आहे.

१९६६च्या जुलैत संस्था सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवली गेली. त्याच महिन्यात छगनबापांच्या शिफारशीवरून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर स्वतः येऊन काम पाहून गेले. सप्टेंबरात आयोगाने लिज्जतला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. खेळतं भांडवल म्हणून ८ लाख रुपये आणि करांत सवलत मिळाली. लिज्जतचं कौतुक करणारे लेख या ठिकाणी जरा घाईने पुढे सरकतात. ८० रुपये आणि सात बायका या चित्रात सरकारी सवलत नीट बसत नाही ना! पण ती होती, आणि तिचा फायदाही झाला. खासगी पापडवाल्याला कर भरून जो भाव लावावा लागे त्यापेक्षा इथे हात थोडा मोकळा राहिला. मला यात विसंगती दिसत नाही. आयोगाने पैसा दिला तो सात वर्षं स्वतःच्या विक्रीवर चाललेल्या धंद्याला; चालेल की नाही हे पाहण्यासाठी नव्हे. मात्र लिज्जतची नक्कल करू पाहणाऱ्याने हा भाग वगळून धडा घेऊ नये.

मग शाखा वाढत गेल्या. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ साली गुजरातेत वालोडला निघाली. १९७०च्या दशकात पिठाच्या गिरण्या, छपाई, पाकिटांचा विभाग असं सगळं घरचंच झालं. खाकरा, मसाले, वड्या, बेकरी असे नवे जिन्नस आले. कपडे धुण्याची ‘ससा’ पावडर आली. सगळंच चाललं असंही नाही. चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या, उदबत्त्या यांचे प्रयोग फसले. बायका मनापासून काम करतात म्हणून काहीही विकलं जातं हा भ्रम त्यामुळे लवकर फिटला असावा. दूरदर्शनच्या दिवसांत पापडाच्या जाहिरातीतला ससा घराघरांत पोचला. तो बोलका बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. लिज्जतचा पापड गुजराती की मराठी असा वाद मग कुणी घातला नाही.

सगळ्यांत अवघड भाग आहे नफ्याच्या वाटणीचा. लिज्जतमधल्या प्रत्येक भगिनीला मालक मानतात. शाखेचा नफा-तोटा त्या शाखेच्या भगिनींचा, आणि नफा वाटायचा तो सारखा. वीस वर्षं काम करणारी, काल आलेली, शाखेची जबाबदारी पाहणारी संचालिका, पाकिटं बंद करणारी, सगळ्यांचा वाटा एकच. कधी तो पैशांत मिळतो, कधी सोन्यात. २००२ साली मुंबई आणि ठाण्याच्या शाखांनी पाच-पाच ग्रॅमची सोन्याची नाणी दिली होती, तर राजकोट शाखेने प्रत्येकी चार हजार रुपये. कारभार २१ जणींची व्यवस्थापक समिती पाहते. निर्णय बहुमताने नव्हे, एकमताने. एकीने जरी नकार दिला तरी निर्णय अडतो. पुरुष सदस्य होऊ शकत नाहीत. ते गाडी चालवतात, हिशेब लिहितात, दुकानात माल उचलून देतात.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांना ही रचना झेपणारी नाही. जास्त जबाबदारी घेणाऱ्याला जास्त दिलं नाही तर तो घेईल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एकमताची अट म्हणजे कासवाची चाल, हेही खरं. पण याच रचनेमुळे एक गोष्ट साधते. शाखेतला कोणताही खर्च प्रत्येकीच्या वाट्यातून जातो हे प्रत्येकीला कळतं. पिठाची गळती, जास्तीचा पॅकिंग कागद, भाड्याची गाडी, सगळ्यांवर शेकडो डोळे असतात आणि त्या डोळ्यांना पगार द्यावा लागत नाही. वेगळी तपासणी यंत्रणा उभी करायची तर केवढा खर्च आला असता! शिवाय सारख्या वाटणीमुळे वर चढण्याची आस बाळगून कुणी संस्थेत येत नाही. ज्या वर गेल्या त्या खालूनच गेल्या. अध्यक्षपदावर आलेल्या ज्योती नाईक आणि स्वाती पराडकर या दोघीही लहानपणी आईला लाटायला मदत करता करता लिज्जतमध्ये आलेल्या. बाहेरून आणलेला उच्चशिक्षित अधिकारी शाखेच्या तराजूपाशी बसून ओलसर पापड ओळखू शकला असता का, कुणास ठाऊक. (आता अठरा वर्षांखालच्या मुलीला सदस्य करून घेत नाहीत, हे इथे सांगून टाकतो.)

यंत्राचा प्रश्न वारंवार येतो. पापड लाटणारी यंत्रं बाजारात आहेत, त्यांचा पापड गोल गरगरीत आणि एकसारखा असतो. लिज्जतने दळण, छपाई, पाकिटांचं वेष्टण यांत यंत्रं आणली. लाटणं हातावर ठेवलं. चव बिघडते म्हणून, असं कारण कुणी देतं. मला ते दुय्यम वाटतं. लाटण्यासाठीच संस्था काढली. ते यंत्राकडे गेलं तर सुमारे ४५ हजार भगिनींचं काय करायचं? स्वस्त करता येण्यासारखा सर्वांत मोठा खर्च कोणता हे त्यांना चांगलं ठाऊक आहे आणि तो त्यांनी जाणूनबुजून तसाच ठेवला आहे. बाकी ठिकाणी कंजुषी केली म्हणून इथे हात सैल सोडता आला. मूल्यांवर चालणाऱ्या उद्योगाबद्दल बोलताना लोक बहुधा हे विसरतात, की एका ठिकाणी उदार व्हायचं तर बाकी दहा ठिकाणी काटकसर करावी लागते.

आता त्या घराच्या खर्चाकडे. लिज्जतवर अभ्यासकांनी आणि कामगार चळवळीतल्या लोकांनी जो आक्षेप घेतला तो साधा आहे. घरी बसून नगावर किंवा वजनावर काम करणारी बाई ही मालक म्हणवली काय आणि भगिनी म्हणवली काय, तिच्या घरची जागा, वीज, पाणी आणि घरातल्यांचे हात हे सगळं फुकटात वापरलं जातं. भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाची रजा कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने मिळते. मालकाला कोण देणार? एकट्या वणईवर मुंबईत घर चालवता येत नाही हेही उघड आहे. शाळेची फी निघते, दागिना सोडवला जातो, एखादी विधवा दोन मुलांना शिकवून मार्गी लावते. पण ते घरात दुसरी मिळकत असली किंवा पोटाला चिमटा घेतला तरच. मला हा आक्षेप खरा वाटतो. मालकीमुळे नफ्यातला वाटा मिळतो, पण हातावरच्या पोटाची अनिश्चितता संपत नाही. फरक इतकाच, की इतर घरगुती नगकामात – विडी असो, शिवण असो – मधला दलाल मलिदा खातो आणि दर पाडतो. लिज्जतमध्ये तो दलाल नाही, आणि दर ठरवणाऱ्या समितीत बसलेली बाई स्वतः लाटत होती. हा फरक लहान म्हणता येणार नाही. पुरेसा आहे असंही म्हणवत नाही.

कधी कधी बायकांनी स्वतःच्या वणईतून बाहेरच्यांसाठी पैसे काढले. १९९३च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या चिंचोली (जोगन) या गावात लिज्जतने ५८ घरं बांधून दिली. रोजच्या मजुरीतून भगिनींनी वर्गणी दिली होती. ज्यांना दान घ्यायचं नाही त्यांनी दिलं मात्र.

जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. आज ८० हून अधिक शाखा आहेत, मराठीसह चार भाषांत ‘लिज्जत पत्रिका’ निघते, आणि वांद्र्याच्या कार्यालयात जुनेच नियम चालतात. नवी अडचण वेगळीच आहे. संस्थेने १९९९ साली गिरगावात भगिनींसाठी साक्षरता वर्ग सुरू केले. भगिनींच्या मुलामुलींना छगनबापांच्या नावाने शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या घेऊन मुली शिकल्या. पदवीधर झालेली मुलगी पहाटे पिठाचा डबा घेऊन रांगेत उभी राहत नाही, आणि आईलाही ती तिथे नको असते. चाळी पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या घरांत पापड वाळवायला गच्ची सोडाच, कोपराही मिळत नाही. जुन्या मुंबईत लाटणारी बाई शोधणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. आपली माणसं कमी करण्याचं काम लिज्जत शिष्यवृत्तीच्या रूपाने दरवर्षी पदरचे पैसे खर्चून करते आहे, आणि ते थांबवा असं सुचवणारी एकही भगिनी समितीत सापडेल असं मला वाटत नाही.